कपाशीतला वार्ताहर

जून महिन्यात पहिला दमदार पाऊस झाला की जालन्यातल्या बियाण्याच्या दुकानांपुढे रांगा लागतात. त्या रांगेतल्या प्रत्येकाला ‘बीटी’ हा शब्द पाठ असतो. मातीतल्या एका जिवाणूचे जनुक कपाशीत घातले आहे आणि त्यामुळे बोंडअळीला मारक ठरणारे प्रथिन झाड स्वतःच तयार करते, एवढे आता शाळकरी पोरही सांगते. मात्र २००६ पासून बोलगार्ड-२ या नावाने आपल्या शेतात आलेल्या कपाशीत आणखी एक जनुक आहे, ज्याबद्दल कोणी विचारत नाही. त्याचा अळीशी संबंध नाही, उत्पन्नाशी नाही, धाग्याच्या लांबीशीही नाही. ते आले आहे ई. कोलाय या जिवाणूकडून, म्हणजे आपल्या सर्वांच्या आतड्यात मुक्काम ठोकून असलेल्या जिवाणूकडून. त्याचे काम एकच होते: प्रयोगशाळेत निळा रंग दाखवायचा आणि बातमी द्यायची.

अशा जनुकाला शास्त्रज्ञ ‘रिपोर्टर जीन’ म्हणतात. वर्तमानपत्रात लिहितो आहे म्हणून मी त्याला वार्ताहर जनुक म्हणतो. सरकीचे तेल, सरकीची पेंड आणि त्या पेंडीवर पोसलेल्या म्हशीचे दूध यांबद्दल ओपीडीत बरेच प्रश्न येतात. त्यांच्याकडे येतोच. पण त्याआधी, बातमी द्यायला एक अख्खे जनुक नेमावे लागते अशी कोणती गोष्ट जनुकांच्या बाबतीत आहे, ते पाहू.

जनुक असणे आणि जनुक चालू असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माणसाच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत सगळीच जनुके असतात. इन्सुलिन बनवण्याचे जनुक तुमच्या त्वचेत आहे, डोळ्यात आहे, हाडातही आहे. पण ते काम करते स्वादुपिंडातल्या ठरावीक पेशींत. इतरत्र ते बंद. जनुकाच्या आधी डीएनएचा एक तुकडा असतो, तो कळीसारखा काम करतो. कोणत्या अवयवात, कोणत्या वयात, किती जोराने जनुक चालवायचे हे बरेचसे त्या कळीवर ठरते. पुस्तकी मराठीत त्या तुकड्याला प्रवर्तक म्हणतात आणि जनुक चालू होऊन त्याचे प्रथिन तयार होण्याला जनुकाची अभिव्यक्ती.

अडचण अशी की ही कळ दाबली गेली की नाही, हे डोळ्यांना दिसत नाही. रानातल्या विहिरीवर मोटार असते आणि घर गावात. रात्री लाईट कधी येईल याचा भरवसा नसतो. मग शेतकरी मोटारीच्या पेटीवर एक बल्ब लावून ठेवतो. लांबून बल्ब पेटलेला दिसला की लाईट आली हे कळते. वार्ताहर जनुक म्हणजे हा बल्ब. ज्या कळीचा अभ्यास करायचा ती कळ घ्यायची, तिच्या पुढे सहज दिसेल किंवा मोजता येईल असे प्रथिन बनवणारे जनुक जोडायचे आणि ही जोडी पेशीत सोडायची. कळ जिथे दाबली जाईल तिथे बल्ब लागेल. मोटार प्रत्यक्ष फिरते आहे का, पाणी पाटात पडते आहे का, हे मात्र बल्ब सांगत नाही. ही मर्यादा लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

कळीची ही कल्पनाच मुळात ई. कोलायने शिकवली. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फ्रांस्वा जाकोब आणि जाक मोनो यांनी १९६१ मध्ये दाखवले, की दुधातली साखर समोर आली तरच हा जिवाणू ती फोडणारे विकर, म्हणजे एन्झाइम, बनवतो. एरवी ते जनुक बंद ठेवतो. त्यासाठी १९६५ मध्ये त्यांना आंद्रे ल्वॉफ यांच्यासोबत नोबेल मिळाले. तेच साखरफोडे जनुक पुढे वार्ताहर म्हणून राबवले जाऊ लागले, कारण त्याच्या विकराला विशिष्ट रसायन दिले की निळा रंग मिळतो. प्राण्यांच्या पेशींत त्याने उत्तम काम केले. वनस्पतींत मात्र पंचाईत झाली. झाडांकडे त्याच धर्तीचे स्वतःचे विकर असते. त्यामुळे बातमी नव्या जनुकाची की झाडाच्या जुन्या विकराची, हे कळेना.

ही कोंडी फोडली रिचर्ड जेफरसन या अमेरिकन तरुणाने. जंतासारख्या एका सूक्ष्म कृमीवर काम करताना त्याने ई. कोलायचेच दुसरे विकर निवडले: बीटा-ग्लुकुरोनिडेज, थोडक्यात गस. बहुतेक झाडांत याचे काम जवळजवळ नसतेच, म्हणून रंग दिसला की तो आपल्या जनुकाचाच. इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या वनस्पती पैदास संस्थेत त्याने हे तंत्र झाडांसाठी पक्के केले आणि १९८७ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच वर्षी गस घातलेले बटाटे शेतातही लावले. तंत्र मुठीत धरून न बसता त्याने जगभरातल्या प्रयोगशाळांना जनुक आणि कृती दोन्ही वाटली, त्यातल्या कितीतरी लेख छापून येण्याआधीच. वनस्पतिशास्त्रात गस इतके पसरले त्यात या दिलदारपणाचा वाटा मोठा आहे.

रंग कसा येतो तेही सांगण्यासारखे आहे. पानाचा तुकडा किंवा अख्खे रोपटे एका रंगहीन रसायनाच्या द्रावणात बुडवतात. ज्या पेशीत गस तयार झाले असेल तिथे ते विकर त्या रसायनाचे दोन तुकडे करते. त्यातला एक तुकडा हवेतल्या प्राणवायूच्या मदतीने आपल्यासारख्याच दुसऱ्या तुकड्याशी जोडला जातो आणि निळा साका जागच्या जागी बसतो. मग अल्कोहोलने पानाचा हिरवा रंग धुऊन काढला की पांढुरक्या पानावर निळी नक्षी उरते: कुठे फक्त शिरा निळ्या, कुठे मुळाचे टोक, कुठे परागकण. रसायनाच्या दृष्टीने हा साका म्हणजे आपली नीळच, कपडे रंगवण्यासाठी निळीच्या झाडापासून काढत असत त्या रंगाची चुलत बहीण.

डॉक्टरला गस परके नाही. यकृत अनेक टाकाऊ पदार्थांना आणि औषधांना ग्लुकुरोनिक आम्ल जोडून पित्तावाटे आतड्यात ढकलते. कावीळ आणणाऱ्या बिलिरुबिनचेही तसेच. आतड्यातले जिवाणू गस वापरून ही जोडणी तोडतात, आणि सुटलेला पदार्थ पुन्हा रक्तात जाऊ शकतो. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवर दिल्या जाणाऱ्या इरिनोटेकन या औषधाने काही रुग्णांना जी भयंकर जुलाबाची तक्रार होते, तिच्यात या जिवाणूंच्या गसचा हात आहे. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळाही गसचा उपयोग करतात. विशिष्ट माध्यमात पाण्याचा नमुना वाढवला की ई. कोलायच्या वसाहती निळ्या उठून दिसतात, म्हणजे त्या पाण्यात मैला मिसळलेला आहे. पावसाळ्यात एखाद्या वाडीत गॅस्ट्रोची साथ आली की असा निळा ठिपका आम्हाला खूप काही सांगतो. गंमत म्हणजे ई. कोलायची ओ१५७ ही धोकादायक जात या विकराची बातमी सहसा देत नाही, तिच्यासाठी वेगळी तपासणी लागते.

आता हे जनुक कपाशीत कसे आले ते पाहू. बियाण्यांचे गाव म्हणून जालन्याची ओळख बद्रीनारायण बारवाले यांच्यामुळे झाली. १९६४ मध्ये त्यांनी इथे महिको सुरू केली, १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. शहराबाहेर दावलवाडीला कंपनीचे संशोधन केंद्र आहे. मार्च २००२ मध्ये केंद्र सरकारच्या समितीने महिकोच्या तीन बीटी संकरित वाणांना परवानगी दिली, ती एका बीटी जनुकाची कपाशी होती. पुढची पायरी म्हणजे बोलगार्ड-२. तिच्यासाठी अमेरिकेत मोन्सँटोने पहिल्या जनुकाच्या कपाशीतच दुसरे बीटी जनुक घातले.

ते घालताना डीएनएचा लेप दिलेले सूक्ष्म कण बंदुकीतून मारावेत तसे वेगाने ऊतीवर मारतात. हजारो पेशींपैकी मोजक्याच पेशी नवे जनुक स्वीकारतात. त्या शोधायच्या कशा? नेहमीची चाळणी म्हणजे प्रतिजैविकाला दाद न देणारे जनुक सोबत घालायचे आणि मग औषध टाकून बाकीच्या पेशी मारायच्या. पण पहिल्या कपाशीत कॅनामायसिनला पुरून उरणारे जनुक आधीच बसलेले होते, तीच चाळणी पुन्हा लावून उपयोग नव्हता. म्हणून दुसऱ्या बीटी जनुकाच्या शेजारी, डीएनएच्या त्याच तुकड्यावर, गसचे जनुक ठेवले. ऊतीचा छोटा तुकडा द्रावणात टाकायचा. निळा झाला तर शेजारचे बीटी जनुकही आत गेले असण्याची शक्यता मोठी. अशा निवडीतून जे झाड निघाले त्याची संतती पुढे जगभर गेली आणि भारतातल्या शेकडो संकरित वाणांत उतरली. वार्ताहराचे काम प्रयोगशाळेतच संपले होते, पण त्याला परत बोलावणे सोपे नसते. तो कपाशीतच राहिला. आजही बोलगार्ड-२च्या झाडात गस तयार होते. शेतात झाड निळे दिसत नाही, कारण ते रसायन शेतात नसते.

या वार्ताहरांच्या बातम्याही तपासून घ्याव्या लागतात. गसचे प्रथिन चिवट आहे. कळ बंद झाली तरी आधी तयार झालेले गस पेशीत दोन-दोन दिवस टिकून राहते. म्हणजे निळा रंग दिसला तर ती आजची बातमी असेल किंवा परवाची. दुसरा घोटाळा याहून मजेदार आहे. झाडात जनुक पोहोचवण्यासाठी अनेकदा अ‍ॅग्रोबॅक्टेरियम नावाचा जिवाणू टपालवाल्यासारखा वापरतात. तो कधीकधी पाकीट पोहोचवण्याऐवजी स्वतःच उघडतो. गस तयार होते जिवाणूत आणि आपल्याला वाटते झाडात झाले. यावर शास्त्रज्ञांनी नामी तोड काढली. झाडांच्या आणि प्राण्यांच्या जनुकांत मध्ये मध्ये निरर्थक मजकुराचे तुकडे असतात. आपल्या पेशी ते कापून टाकून मगच मजकूर वाचतात. जिवाणूंना ही कापाकापी येत नाही. बटाट्याच्या जनुकातला असा एक तुकडा गसच्या मधोमध घातला. जिवाणूने पाकीट उघडले तरी त्याला ते वाचता येत नाही, झाड मात्र तो तुकडा काढून बरोबर वाचते.

या सगळ्याचा आपल्या बांधावरच्या कपाशीशी थेट संबंध आहे. बीटी जनुकांना चालवण्यासाठी जी कळ वापरली, ती फुलकोबीवर रोग आणणाऱ्या एका विषाणूकडून उसनी घेतली आहे. तिला ३५ एस म्हणतात. ही कळ झाडाच्या सगळ्या भागांत, सतत चालू राहते असा तिचा लौकिक. वार्ताहर जनुके जोडून पाहिल्यावर चित्र तितके सरळ निघाले नाही. अमेरिकेतल्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठात कीर्ती राठोड यांच्या गटाने २००२ मध्ये या कळीला हिरव्या रंगात चमकणारे प्रथिन जोडून कपाशीचे रोप तपासले. कळ जवळपास सर्वत्र चालत होती, पण तिचा जोर अवयवागणिक आणि वयागणिक वेगळा होता.

शेतातले चित्र नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत के. आर. क्रांती आणि सहकाऱ्यांनी मांडले. त्यांचा लेख २००५ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आला. त्यांनी बल्बवर विश्वास न ठेवता थेट पाणी मोजले, म्हणजे बाजारात मिळणाऱ्या बीटी वाणांच्या निरनिराळ्या भागांत बीटी प्रथिन किती आहे तेच मोजले. पानांत सर्वात जास्त. पाते, बोंडे आणि फुले यांत कमी. फुलाच्या बीजांडकोशात आणि हिरव्या बोंडाच्या सालीत सर्वात कमी, म्हणजे अळीला जिथे शिरायचे असते नेमके तिथे. आणि पेरणीनंतर साधारण ११० दिवसांनी अमेरिकन बोंडअळीला रोखायला प्रथिन अपुरे पडू लागते. झाड वयात येते तसे पानातले नत्र घटते, एकूणच प्रथिने बनवण्याचा वेग मंदावतो. पाण्याचा ताण पडला तर भर पडते. जनुक झाडात जसेच्या तसे असते. त्याचा आवाज बसलेला असतो.

हा अभ्यास पहिल्या, एका जनुकाच्या कपाशीवरचा. जूनच्या मध्यात लावलेल्या कपाशीचे ११० दिवस ऑक्टोबरच्या सुरुवातीला भरतात. बोंडे भरण्याचा काळ तोच, आणि गुलाबी बोंडअळीचा जोरही तेव्हापासून पुढेच असतो. ही अळी बोंडाच्या आत राहते, बाहेरून दिसत नाही. डोमकळ्या दिसल्या, बोंड फोडल्यावर कवडी कापूस निघाला की मग कळते. २०१७ च्या हंगामात मराठवाडा आणि विदर्भात तिने जे केले ते कोणी विसरलेले नाही. अळीने बोलगार्ड-२च्या दोन्ही प्रथिनांना प्रतिकार कमावला, त्यामागे एकच कारण नाही. फरदड घेऊन कपाशी उन्हाळ्यापर्यंत उभी ठेवली, पऱ्हाट्या बांधावर रचून ठेवल्या, बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत येणारे नॉन-बीटीचे १२० ग्रॅमचे पाकीट लावण्याऐवजी फेकून दिले. पण हंगामाच्या अखेरीस मंदावणारी जनुकाची अभिव्यक्तीही त्यात आहे, असे माझे मत आहे. अळी मरणार नाही पण तिला सवय होईल, एवढाच डोस तिला महिनोन्‌महिने मिळत राहणे म्हणजे क्षयरोग्याने औषधे अर्धवट घेण्यासारखे आहे. प्रतिकार तसाच तयार होतो.

त्याची किंमत शेवटी सरकारी दवाखान्याच्या वॉर्डातही मोजली जाते. बीटीचा भरवसा गेला की फवारणी वाढते. झाड छातीपेक्षा उंच, वारा उलटा, तोंडाला रुमाल, पाठीवर गळका पंप, आणि दोन-तीन औषधे एकत्र कालवलेली. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बाहुल्या टाचणीएवढ्या झालेले, तोंडाला फेस, घामाने डबडबलेले रुग्ण येतात. तेव्हा रात्रभर अ‍ॅट्रोपिनची इंजेक्शने देत बसावे लागते. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. अकरा दशकी दिवसांनंतर झाडाचे स्वतःचे संरक्षण ढिले पडते, हे शेतकऱ्याला आधी कळले तर कामगंध सापळे कधी लावायचे आणि कपाशी कधी उपटायची याचा निर्णय तो फवारणीच्या पंपाकडे हात जाण्याआधी घेऊ शकतो.

गसची आणखी एक उणीव म्हणजे बातमी काढण्यासाठी ऊती मारावी लागते. जिवंत पेशीतून बातमी देणारे दोन वार्ताहर निसर्गाने दिले. एक जेलीफिशकडून मिळालेले हिरवे चमकणारे प्रथिन, ज्यासाठी ओसामू शिमोमुरा, मार्टिन चाल्फी आणि रॉजर त्सिएन यांना २००८ चे नोबेल मिळाले. दुसरा आपल्या ओळखीचा काजवा. पावसाळ्याच्या तोंडावर भंडारदऱ्याला झाडेच्या झाडे लुकलुकताना पाहायला आपण गाड्या करून जातो. तो प्रकाश ज्या विकरामुळे पडतो त्याचे जनुक १९८६ मध्ये तंबाखूच्या रोपात घातले गेले आणि ते रोप अंधारात उजळले.

काजव्याचे हेच जनुक १९९३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये विल्यम जेकब्स आणि सहकाऱ्यांनी क्षयाच्या जंतूत पोहोचवले, तेही त्या जंतूलाच लागण करणाऱ्या विषाणूच्या पाठीवरून. कल्पना सुंदर होती. जंतू जिवंत असेल तरच तो काजव्याचे प्रथिन बनवेल आणि उजेड पडेल. औषध घातल्यावर उजेड विझला तर औषध लागू आहे, उजेड तसाच राहिला तर जंतू औषधाला दाद देत नाही. ही तपासणी तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत आली नाही. आपल्याकडे आली ती सीबीनॅट. ती झटपट आहे, रिफाम्पिसिनला प्रतिकार आहे का तेही सांगते, आणि तिने क्षयाचे निदान बदलून टाकले. पण सीबीनॅट जनुक आहे की नाही एवढेच पाहते, ते चालू आहे का हे पाहत नाही. औषधांनी मेलेल्या जंतूंचा डीएनए बेडक्यात बरेच दिवस राहू शकतो. म्हणून उपचार सुरू असताना किंवा नुकतेच संपल्यावर कोणी खासगीत जाऊन पुन्हा सीबीनॅट करून घेतली आणि ती पॉझिटिव्ह आली, तर घाबरून जायचे कारण नाही. उपचारांचा परिणाम पाहायला बेडक्याची सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी आणि कल्चर असते. तुमच्या डॉक्टरांना विचारा.

रक्ताच्या आजारांतही असेच आहे. सिकलसेलचे रुग्ण विदर्भात आणि नंदुरबारकडे मोठ्या संख्येने आहेत, थॅलेसेमियाची मुले आपल्याकडेही येतात. पोटातल्या बाळाचे हिमोग्लोबिन वेगळे असते आणि ते निर्दोष असते. जन्मानंतर काही महिन्यांत त्याचे जनुक बंद होते, मग मोठ्यांचे सदोष हिमोग्लोबिन तयार होऊ लागते आणि आजार दिसतो. म्हणजे औषध प्रत्येक रुग्णाच्या अंगातच आहे, कुलपात बंद. हे कुलूप लावणाऱ्या जनुकाची कळ कुठे आहे, ते बोस्टनच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवले. त्यासाठी त्यांनी कळीचा संशयित तुकडा ई. कोलायच्या त्याच जुन्या साखरफोड्या जनुकाला जोडून उंदराच्या गर्भात घातला. रक्त तयार होते तिथे निळा रंग उमटला. त्या तुकड्यावर घाव घालणाऱ्या उपचाराला २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत परवानगी मिळाली. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर आहे, तेव्हा आपल्या रुग्णासाठी सध्या तरी फॉलिक अ‍ॅसिड, हायड्रॉक्सियुरिया आणि वेळेवर रक्त हेच खरे.

आता ओपीडीतला प्रश्न. कपाशीतल्या गसने माणसाला काही होते का? गस आपल्या आतड्यातले जिवाणू रोज बनवतात. आपल्या स्वतःच्या पेशींतही त्याच कामाचे विकर असते, आणि ते नसेल तर मूल गंभीर आजारी पडते. पोटातल्या पाचकरसात कपाशीचे गस इतर प्रथिनांसारखेच पचते. शुद्ध केलेल्या तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही, ना गसचे ना बीटीचे. या निळ्या वार्ताहरावरून झोप उडवून घेण्यासारखे मला काही दिसत नाही.

सरकीत विष शोधायचेच असेल तर ते कपाशीत पहिल्यापासून आहे, गावरान वाणातही होते. त्याचे नाव गॉसिपॉल. सरकीवर आणि पानांवर जे बारीक काळे ठिपके दिसतात त्या ग्रंथींत ते असते, किडींपासून झाडाचे रक्षण करते. चीनमध्ये कच्चे सरकीचे तेल खाणाऱ्या गावांत मूल होत नसल्याच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा गॉसिपॉलचा पुरुषांवरचा परिणाम लक्षात आला. १९७० च्या दशकात तिथे ते पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून हजारोंना देऊन पाहिले. शुक्राणू कमी झाले खरे. पण काहींचे रक्तातले पोटॅशियम घसरून हातपाय लुळे पडले, आणि काहींची प्रजननशक्ती औषध थांबवूनही परत आली नाही. गोळी मागे पडली. तेल शुद्ध करताना गॉसिपॉल निघून जाते. मोठ्या गाई-म्हशींच्या पोटातले जिवाणू ते बऱ्याच अंशी बांधून टाकतात. लहान वासरांना आणि कोंबड्यांना ते जमत नाही.

आणि हे विष सरकीतून काढायचा मार्ग पुन्हा एका वार्ताहर जनुकानेच दाखवला. झाडातले सगळे गॉसिपॉल काढले तर किडी झाड फस्त करतात. काढायचे ते फक्त बियातून. म्हणजे फक्त बियातच चालेल अशी कळ हवी. वर ज्यांचा उल्लेख आला त्या कीर्ती राठोड यांच्या गटाने कपाशीच्याच बियातल्या एका प्रथिनाची कळ वेगळी काढली आणि तिच्यापुढे गस जोडून पाहिले. बी निळे झाले; पान, खोड, मूळ कोरे. मग त्याच कळीपुढे गॉसिपॉलची निर्मिती थांबवणारा तुकडा जोडला. २००६ मध्ये त्यांनी जाहीर केले, की सरकीतले गॉसिपॉल जवळजवळ गेले आणि पानाफुलांतले जसेच्या तसे राहिले. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१८ मध्ये या कपाशीच्या लागवडीला, तर तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने २०१९ मध्ये ती खाण्यात वापरायला मान्यता दिली. ती सरकी आपल्या मोंढ्यात येईपर्यंत एवढे पाळा: घाण्यावरचे, शुद्ध न केलेले सरकीचे तेल स्वयंपाकात नको. आणि वासराला सरकीची पेंड कधीपासून, किती द्यायची हे पशुवैद्यकाला विचारून ठरवा.